ये, सू, बाई

पोलादपूरच्या बाजारातल्या येसूबाईंच्या सुकटीच्या दुकानाची पुढची भिंत त्यांच्या नवऱ्यानं, धोंडूनं, स्वतःच्या हातानं बांधली होती. ते कुणाला सांगावं लागत नसे. मध्याच्या जरा डावीकडं ती सातव्या महिन्यातल्या बाईसारखी पुढं आलेली आणि दोन्ही कडांना उपाशी पोटासारखी आत गेलेली. ओळंब्याला धोंडू चुगलखोर म्हणायचा, जवळ येऊ द्यायचा नाही. माणूस गेला, भिंत राहिली. येसूबाई तिला दिवसातून दोनदा शिव्या घालत, पण दुसऱ्या कुणी घातल्या तर त्याला त्या दिवशी सुकट मिळत नसे.

मुलगा मोरू महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला आणि त्याला सगळंच सरळ लागायला लागलं. भिंत पाडून विटांची घालायची, असा त्यानं हेका धरला. येसूबाईंनी हातभर उंचीची, सागवानी, लालभडक अक्षरं कापून आणली होती: येसूबाई सुकट. ती त्यांना ह्याच भिंतीवर हवी होती. शेवटी मायलेकांचं ठरलं. आज संध्याकाळपर्यंत नाव नीट बसलं तर भिंत राहील, नाहीतर उद्या सकाळी गवंडी पहार घेऊन येईल.

अक्षरं बसवायला नाते गावचा चंदू आला. दहा वर्षं मुंबईत कंपन्यांच्या फाटकांवर इंग्रजी अक्षरं बसवून आलेला, त्यामुळे कुणाला काही विचारायची त्याला सवय नव्हती. त्यानं भिंतीवर खडूची रेघ मारली आणि त्या रेघेवर एकेक अक्षर उभं करत खिळे ठोकले. 'येसूबाई' झालं तसा तो शिडीवरून उतरला आणि चहा मागू लागला.

येसूबाई रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. 'ये' भिंतीच्या खळग्यात बुडालेला. 'सू' आपल्या ऊकारावर, पाटावर चढावं तसा उभा, डोकं सगळ्यांच्या वर, आणि भिंतीचं पोट नेमकं त्याच्याच मागं, म्हणून चार बोटं पुढं. 'बाई' पलीकडं रुसून बसलेली.

समोरचा कापडवाला रावजी पायरीवर आला. "येसूवहिनी, बायाबापड्यांची चांगली सोय केलीत हो."

"कसली सोय?"

तेवढ्यात उमरठच्या एष्टीतून उतरलेली एक बाई पिशवी सावरत घाईघाईनं आली. "गो बाय, कुठं हाय?"

"काय कुठं हाय?"

"वर लिवलंय ना. ये, सू, बाई. मला लय जोराची लागलीय गो."

रावजी हसता हसता खाली बसला. येसूबाईंनी बाईला मागच्या दारानं आत घेतलं, कारण लागलेली खरी होती. मग बाहेर आल्या तर मोरू पाळी संपवून दारात हजर.

"आये, गवंड्याला सांगून येतो."

"थांब तिथंच." त्या वर बघत राहिल्या. दोनच यत्ता शिकलेल्या, पण गुरुजी पाटीवर आधी वरची रेघ मारायचे, हे त्यांना आठवलं. "चंदू, तुझी अक्षरं उभी का रे?"

"मग काय निजवू, मावशी?"

"बोंबील बघितलास दोरीवर वाळताना? शेपट्या जुळवून घालतात का तोंडं?"

"तोंडं. शेपट्या लोंबतात तशा."

"मग? इंग्रजीला पाय असतील. आपलं अक्षर टांगायचं असतं."

चंदूचा चहा बशीतच राहिला. मुंबईला जायच्या आधी तोही पाटीवरच शिकला होता.

सगळं उतरवलं. भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली, पोटाला जेमतेम चुकवून. अक्षरांची डोकी दोरीला लावली, एकमेकांना चिकटवून. मागं पडेल त्या फटीत बांबूची नळी, नळीतून लांब खिळा. नळ्या येसूबाई स्वतः कोयत्यानं तोडून देत होत्या. 'सू'मागं नखाएवढी, 'ये'मागं चार बोटं, शेवटच्या 'ट'मागं चांगली वीतभर.

"ह्यांनी भिंतीत काय काय लपवलंय," त्या तोडता तोडता म्हणाल्या, "चिलीमसुद्धा निघायची एखाद्या दिवशी."

ऊन कलायच्या आत शेवटचा खिळा बसला. वरची रेघ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, ऊकार खाली खुशाल लोंबताहेत. मोरूनं मान डावीकडं कलती करून पाहिलं, उजवीकडं करून पाहिलं.

"सरळ दिसतंय, आये."

"दिसतंय नाय. हाय."

"गवंड्याला काय सांगू मग?"

"त्याच्या घरचं चुलवण फुटलंय म्हणे. ते बांध म्हणावं आधी."

इतक्यात दुपारची उमरठची बाई परत आली. बरोबर आणखी तिघी. एकीनं वर पाहिलं, बोट फिरवत वाचलं आणि गोंधळली. "गो, इथं तर सुकट लिवलंय. तू म्हणालीस..."

"पाटी बदलली," येसूबाई म्हणाल्या. रावजी अजून पायरीवरच होता. त्यांनी त्याच्या दुकानाकडं हात केला. "आता ते समोर, कापडाच्या दुकानामागं. रावजीशेटनी बायाबापड्यांची मोठी सोय केलीय."

चौघी पदर खोचून रस्ता ओलांडू लागल्या.