एकोणीस पत्रांचा मायना

खलफान उम्म सिद्रच्या किनाऱ्यावर मचव्यातून उतरला. काखेत इंग्रज साहेबाच्या कचेरीचं पत्र होतं. तिथला मुन्शी म्हणून ते त्यानंच काल सुवाच्य अरबीत उतरवलं होतं, त्यामुळे आत काय आहे ते त्याला तोंडपाठ होतं. येत्या गुरुवारी आगबोट येणार आणि शेजारच्या रास गुवैरच्या शेखला पाच तोफांची सलामी देणार. त्या दिवसापासून उम्म सिद्र हे रास गुवैरच्या ताब्यातलं एक गाव. कारणही दिलं होतं. उम्म सिद्रच्या शेखना सरकार सहा वर्षं 'गावप्रमुख' असं लिहीत आलंय आणि त्यांनी एकदाही हरकत घेतली नाही, म्हणजे त्यांना ते मान्य आहे.

हरकत घेतली नाही! कशी घेणार? त्यांच्या कानावर ते कधी गेलंच नव्हतं.

या किनाऱ्यावर लहान पोरालाही ठाऊक आहे की पत्राचा मायना म्हणजे शेखचं डोकं. एक उपाधी कमी दिसली की पत्र पुढं वाचायचं नाही, आल्या मचव्यानं परत धाडायचं. उम्म सिद्रच्या शेख मुतलकच्या बापानं अशी तीन पत्रं परत पाठवली होती. चौथ्याला तेव्हाचा साहेब वठणीवर आला आणि सगळ्या उपाध्या मुकाट्यानं लिहून मोकळा झाला.

सहा वर्षांपूर्वी नवा साहेब आला. त्यानं उपाध्यांची वही पुन्हा लिहायला घेतली आणि उम्म सिद्रच्या नावापुढचं 'हाकिम', म्हणजे राज्यकर्ता, हे खोडलं. तोवर शेख मुतलकच्या डोळ्यांवर सारा येऊन दिसेनासं झालं होतं, पत्रं खलफानच वाचून दाखवी. नव्या वहीप्रमाणे लिहिलेलं पहिलं पत्र आलं त्या दिवशी म्हातारा रिवाजाप्रमाणे उभा राहिला, हात छातीवर ठेवून, मान जराशी पुढं करून. समोर कागदावर नुसतं 'गावप्रमुख मुतलक'. खलफाननं एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग त्यानं जुना मायना घडाघडा म्हणून टाकला. म्हाताऱ्याचा चेहरा फुलला, आणि खलफानला वाटलं, आपण किती चांगले! एकदा गोड बोलून गेल्यावर दुसऱ्यांदा कडू कोण बोलणार? कागद पेटीत पडत गेले. गावात वाचणारा दुसरा एक मुल्ला, तो कुराणाबाहेर नजर टाकत नसे.

असरची, तिसऱ्या प्रहरची, नमाज होऊन गेली होती. शेखच्या बैठकीच्या दारात त्याचा जुना चाकर संगूर कॉफी कुटत बसला होता.

"आला मुन्शी! आता शेखची छाती दोन वीत फुगणार," तो ओरडला. "तोंड का असं, समुद्र लागला?"

खलफाननं दारात चपला काढल्या.

"कोण, पोरगा?" आतून शेखचा आवाज आला. खलफान बेचाळीस वर्षांचा होता. त्याचा बाप शेखच्या होडीवरून मोती काढायला बुडी मारून गेला, तो वर आलाच नाही. तेव्हापासून हे पोरगं याच घरात वाढलं आणि दाढी पांढरी व्हायला लागली तरी पोरगंच राहिलं.

शेख उठला. हात छातीवर गेला. "वाच."

खलफाननं या खेपेला कागदावर होतं तेच वाचलं. "गावप्रमुख मुतलक यांस—"

"थांब, थांब. मायना गिळलास की काय, पोरा? वरून वाच."

"हेच वर आहे, काका."

"मग परत पाठव!" शेख हसला. "माझ्या बापानं तीन परत केली, मी तीस करीन. साहेबाला म्हणावं, वही नीट बघ."

"काका, साहेब ऐकायचा नाही. सहा वर्षं असंच येतंय. वरचं सगळं मी माझ्या पदरचं वाचत होतो." मग त्यानं गुरुवारचंही सांगून टाकलं, तोफांचं, रास गुवैरचं. काही मागं ठेवलं नाही.

संगूरचा बत्ता थांबला.

"किती पत्रं?" शेखनं विचारलं.

"एकोणीस."

"म्हणजे एकोणीस वेळा मी उभा राहिलो. त्या 'गावप्रमुख'साठी."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, काका. तुमचे डोळे गेलेले, वाटलं, निदान कानांना तरी—"

"वाईट मला वाटायचं होतं ना? ते माझं होतं. तू कोण परस्पर गिळणारा?" आवाज चढलाच नाही, आणि त्यानंच खलफानला अधिक लाज वाटली. "बोटभर कागद परत धाडला असता, तर माझं गाव राहिलं असतं."

खलफाननं गुडघे टेकले. "मला मारा, काका. घालवून द्या. पण बोला."

शेख एक पाऊल मागं सरला. मग त्यानं भिंत चाचपली, अंगावरचा झगा सारखा केला आणि हात पुन्हा छातीवर ठेवला. दरबारात परक्या राज्याच्या वकिलाला निरोप देताना ठेवत तसा.

"थोर सरकारचे प्रतिष्ठित वकील, परममान्य, सन्माननीय जनाब खलफान बिन जुमा, अल्ला आपली इज्जत वाढवो," तो म्हणाला. "भरती उतरायच्या आत आपण निघावं. संगूर, साहेबांना मचव्यापर्यंत पोचवून ये."

खलफान तिथंच थांबला, मागाहून एकदा तरी 'पोरा' येईल म्हणून. संगूर त्याच्या नजरेला नजर न देता दार धरून उभा होता. त्या मायन्यात एकही उपाधी कमी नव्हती.