एका शब्दाची दुरुस्ती

गिरणीचा भोंगा विरला तेव्हा दाक्षायणी हिरेमठ नळाखाली दुसरी घागर भरत होती. घागर काठोकाठ येण्याआधीच नळाने सुस्कारा टाकला आणि पाणी गेले. तिने स्टोव्हला पंप मारून चहा ठेवला, कालच्या भाकरीवर शेंगांची चटणी घेतली आणि उभ्यानेच खाऊ लागली. शनिवार होता, विद्यालय सकाळचे. तेवढ्यात देवघरातून आईची, गुरम्माची, हाक आली : "दाक्षा, कायी ता."

अमावास्या होती. दाक्षायणीने टोपलीतला नारळ नेऊन दिला. त्या कानडी घरात नारळाला कायीच म्हणत. मात्र गेल्या पावसाळ्यापासून हा शब्द ऐकला की तिला कुंभारीच्या शाळेतली नागव्वा आठवे.

अध्यापक विद्यालयात दाक्षायणी अजून कायम झाली नव्हती. पहिलीची मुले पहिलीतच का अडकतात, या संशोधनासाठी ती सोलापूरच्या दक्षिणेकडच्या गावांत वर्गाच्या मागच्या बाकावर बसत आली होती. कुंभारीच्या मास्तरांनी चित्राची पाटी उचलून विचारले होते, "हे काय?" चित्र नारळाचे होते. नागव्वा म्हणाली, "कायी." मास्तर हसले, "मी विचारतो तेच ही मला विचारते." वर्ग हसला आणि हजेरीपटात नागव्वापुढे 'मंद' लागले. मास्तर वाईट नव्हते. ते मोहोळकडचे होते, कानडी त्यांच्या कानावर कधी पडली नव्हती. सुट्टीत दाक्षायणीने तेच चित्र दाखवून कानडीत विचारले, तेव्हा पोरीने तिच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले आणि म्हणाली, "कायी री. एष्ट सल हेळ्ली?" कितीदा सांगू, म्हणून.

नागव्वाची आई गंगम्मा घरी विड्या वळी. तिने दाक्षायणीला सांगून टाकले होते, "औंदा बी नापास झाली तर साळंत ठिवून काय करायचं, बाई? माज्याजवळ विड्यांच्या सुपाला बसंल की."

पहिलीची तोंडी परीक्षा सोमवारी होती.

विद्यालयात पोचल्यावर दाक्षायणीला टेबलावर पुस्तिकांचे गठ्ठे दिसले. संशोधनाचे निष्कर्ष त्या दिवशी शाळाशाळांना रवाना व्हायचे होते. पुढच्या आठवड्यात पुस्तिकेच्या प्रकाशनाचा समारंभ होता, वर्तमानपत्रात फोटो यायचा होता. तिने एक प्रत उघडली. सायक्लोस्टाइलची शाई अजून हाताला लागत होती. 'मुलांच्या अपयशाचे मुख्य कारण घरची भाषा शाळेत न समजणे हे आहे,' असे तिने लिहिले होते. छापले होते, 'घरचे वातावरण प्रतिकूल असणे.'

ती प्राचार्यांच्या खोलीत गेली. शिवलिंगप्पा सरांनी तिला बसायला सांगितले आणि सावकाश समजावले. सीमाप्रश्न तापलेला, कोणी तरी हा कागद घेऊन सभेत उभा राहील, वरून विचारणा झाली तर विद्यालयाचे अनुदान अडेल. शेवटी ते म्हणाले, "वातावरण म्हटलं की सगळं आलं. भाषा त्यातच आली की, दाक्षायणीबाई."

"नाही आली, सर. वातावरण म्हटलं की दोष गंगम्माचा होतो. भाषा म्हटलं की आपला होतो."

"मीही घरी कानडीच बोललो. छड्या खाऊन मराठी शिकलो. काय बिघडलं माझं?"

"तुमच्या गल्लीतली किती पोरं तुमच्याबरोबर पहिलीत बसली होती? आणि मॅट्रिकला किती उरली?"

 सरांनी विचारले, "कायम व्हायचंय ना तुम्हाला?"

"व्हायचंय," ती म्हणाली आणि उठली.

टेबलाशी बसून तिने पेनमध्ये शाई भरली. पहिल्या प्रतीतले चुकीचे शब्द एका सरळ रेघेने खोडून वर मूळ शब्द लिहिले आणि समासात सही केली. कार्यालयाचा नियमच होता : कागदावर खाडाखोड झाली तर करणाऱ्याची सही हवी. मग दुसरी प्रत घेतली. शिपाई तिप्पण्णा सुतळी घेऊन आला आणि दुरुस्त झालेल्या प्रती बांधू लागला.

विद्यालय सुटले. हातात छत्री घेऊन सर दाराशी थांबले. त्यांनी वरची प्रत उचलून वाचली.

"आद्याक्षरं चालली असती. पूर्ण नाव कशाला?"

"विचारणा झाली तर माणूस शोधायला नको, सर."

त्यांनी प्रत ठेवून दिली. फाडली नाही आणि बरी आहे असेही म्हणाले नाहीत. छत्री उघडून ते उन्हात निघून गेले.

तिप्पण्णाने गठ्ठे सायकलला लावून टपाल कचेरीकडे नेले. कुंभारीचा गठ्ठा तेवढा दाक्षायणीने ठेवून घेतला. टपालाने तो सोमवारच्या परीक्षेआधी मास्तरांच्या हाती पोचला नसता. तो पिशवीत घालून ती स्टँडवर गेली, दुपारच्या गाडीत चढली आणि कंडक्टरकडे कुंभारीचे तिकीट मागितले.