सहावा स्क्रू

पन्नाशी उलटली तरी वर्कशॉपमध्ये तिला सगळे धाकटीच म्हणत, कारण थोरला अजून शेजारच्या टेबलाशी बसलेला असे. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपांच्या दुरुस्तीचं काम तिला दादानेच शिकवलं. हाताला धरून नव्हे, ओरडून. चाळीस वर्षांत आपण दुरुस्त केलेला एकही पंप परत आला नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता ऐकवायचा. "माझा पंप परत आला ना, की पाना खुंटीला!" हे त्याचं पालुपद.

आज आला. बर्फाच्या कारखान्यातल्या जनरेटरचा. इंजिनाचा वेग एकदा वाढला की कमी व्हायचं नाव घेत नाही, अशी तक्रार होती. दादा वाद घालेल असं तिला वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "तूच उघड," आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

वहिनी गेल्यापासून या माणसाला वर्कशॉपशिवाय दुसरं जगच उरलं नव्हतं. घरी बसवला तर भिंतीशी भांडेल, आणि भिंत उलटून बोलत नाही म्हणून रुसेल. महिनाभरात वाळून जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने पंप बाहेरून डिझेलने धुतला, हवा मारून कोरडा केला, नळ्यांच्या तोंडांना बुचं लावली. मग इंजिनाला डिझेल कमीजास्त देणारा जो आतला दांडा असतो, त्याचं बाहेर आलेलं टोक बोटाने ढकललं. दांडा निम्म्यावर जाऊन अडला.

तिने पुठ्ठा घेतला. ही दादाची पद्धत. झाकणाचा आकार पुठ्ठ्यावर काढायचा, सहा भोकं पाडायची, निघेल तो स्क्रू ज्याच्या त्याच्या भोकात खोचायचा. या झाकणाचे पाच स्क्रू लांब, सहावा आखूड, कारण त्याच्या मागूनच दांडा सरकतो. हे मात्र पुठ्ठ्यावर लिहायचं नाही. ऐन विशीत तिने एकदा "आखूड" असं लिहिलं, तर दादाने तो पुठ्ठाच तिच्यादेखत फाडला होता. "लिहिलं की डोकं गंजतं!"

पहिले तीन स्क्रू लांब निघाले. चौथा आखूड. पाचवा लांब. सहावाही लांब, आणि त्याचं टोक घासून चकचकीत झालेलं. तो निघाला तसा दांडा मुकाट्याने सरकायला लागला.

बर्फवाल्याची चूक नव्हती, पंपाचीही नव्हती. लाकडी हातोडीने हलकेच ठोकून तिने चिकटलेलं झाकण सोडवलं. आत दांड्यावर नखाएवढा ओरखडा होता. तिने खिडकीकडे पाहिलं. दादाची पाठ हलली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच तिने पुठ्ठ्यावरच्या दोन स्क्रूंची अदलाबदल केली.

"काही नाही रे दादा," ती म्हणाली. "कचरा अडकला होता. त्यांचं डिझेलच घाण."

"असं?"

तो उठून आला. पंपात डोकावलाच नाही. पुठ्ठा उचलून त्याने खालून प्रत्येक स्क्रूच्या टोकावर अंगठा फिरवला आणि चौथ्यावर थांबला.

"चौथ्याच्या मागे तर मोकळी जागा. मग याचं टोक कशावर घासलं?"

धाकटी चिंधीने हात पुसत राहिली, हात स्वच्छ होते तरी.

"माझ्याशी खोटं बोल हवं तर," दादा म्हणाला. "पुठ्ठ्याशी नको."

त्याने दोन्ही स्क्रू उपसले आणि जिथून निघाले होते तिथे परत खोचले. मग तो भिंतीवरच्या खुंटीकडे बघत राहिला. तिला वाईट वाटलं, आणि रागही आला, त्याच्या त्या पालुपदाचा.

"ती खुंटी ढिली झालीय," अखेर तो म्हणाला. "पाना पेलायची नाही."

त्याने कानावरची पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. "सहाव्यापाशी लिही. आखूड."

तिने लिहिलं. दादा पुठ्ठ्यावर वाकला, चष्मा वर केला, खाली केला.

"एवढुसं काय लिहितेस?" तो तिच्यावर ओरडला. "मला दिसेल एवढं लिही."