रोज एक नवं फूल

शेजारच्या शिवणवाल्या मावशी मागच्या दाराने आल्या, त्या हातात रिकामा डबा घेऊनच.

"तुझ्या आईनं जायच्या आधी मला त्या रोपाच्या मुळाचा तुकडा कबूल केला होता. झोपेत आहे तोवर काढलेला बरा. कुठल्या कोपऱ्यात गं ते?"

लेकीने परसाकडे पाहिलं. तिथे भिंतीपासून पायरीपर्यंत नव्याकोऱ्या करड्या फरशा होत्या.

दोन महिन्यांपूर्वी, आई दवाखान्यात असताना, तिनेच त्या बसवून घेतल्या होत्या. आई चाकाच्या खुर्चीतून घरी येणार, चाकं मातीत रुतायला नकोत. कोपऱ्यात चार वाळक्या काड्या उभ्या होत्या. "ताई, हे ठेवायचं का?" फरशीवाल्याने विचारलं. पुस्तकातून डोकं वर न काढता ती म्हणाली, "मेलंय ते. उपटून टाका." थोड्या वेळाने तो पुन्हा आला. मूळ फार खोल गेलंय म्हणाला. "मग वरून कापा आणि फरशी बसवा."

खुर्ची काही घरी आली नाही.

दवाखान्यात आई रोज विचारायची, "माझं रोप काय म्हणतंय?" ते तिने माळावरून आणून वाढवलं होतं. इथल्या तपकिरी फुलपाखरांच्या अळ्यांना त्याचीच पानं लागतात, दुसरं काही चालत नाही.

"मजेत आहे. फुलं आलीत," लेक सांगायची. दुसऱ्या दिवशी, "अळ्यांनी पानांची नुसती चाळण केलीये."

"हो का? आणि फुलपाखरं?"

"ढिगानं."

आई डोळे मिटून हसायची. लेकीला वाटायचं, खोटं असलं तरी औषधच आहे.

"झोपेत म्हणजे?" तिने आता विचारलं.

"अगं, थंडीत ते वर दिसतच नाही. काड्या वाळतात, सगळा जीव मुळात. ऊन तापलं की फुटतं. आठ वर्षं झाली, पाहिलं नाहीस कधी?"

पाहिलं नव्हतं.

"मावशी, आई मला रोज विचारायची..."

"ठाऊक आहे. भेटायला गेले की सांगायची. 'आज फुलं आली म्हणे, आज अळ्या.' हसून हसून खोकला लागायचा तिला. म्हणायची, 'पोरीनं कधी ढुंकून पाहिलं नाही, आणि आता भर थंडीत रोज फुलवतेय माझ्यासाठी. उद्या काय आणते बघू.'" मावशीही हसल्या, मग तिचा चेहरा पाहून थांबल्या. "तिला राग नव्हता गं."

राग असता तर सोपं गेलं असतं.

"मेलं समजून मी ते कापायला लावलं. त्या फरशीखाली आहे." बोट नेमकं त्या फरशीकडे गेलं. जागा ती विसरली नव्हती.

मावशी घरी जाऊन पहार घेऊन आल्या आणि फरशीला लावू लागल्या.

"द्या इकडे," ती म्हणाली.

तिसऱ्या दणक्याला फरशी तडकली. खाली ओलसर माती, आणि तीत बोटाएवढं जाड, कापलेलं मूळ. जिवंत की मेलेलं, तिला कळेना. विचारायचीही लाज वाटली, तरी विचारलं.

मावशींनी नखाने साल खरवडली. "ऊन तापेपर्यंत काही सांगता यायचं नाही."

बाजूचा एक फाटा कापून त्यांनी डब्यात ठेवला, वर मूठभर माती घातली. दाराशी वळून म्हणाल्या, "फुटलं तर सांग."

तिने मान हलवली.

"आणि नाही फुटलं, तर तसंच सांग."