फाटलेलं दूध कोण घेतं

पुनावळ्याहून चिंचवडच्या शाळेत जाणारी मुलगी आमच्या गावात मी एकटीच. आठवीचं निम्मं वर्ष मी रडून आणि भांडून काढलं. महाशिवरात्रीला अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगून टाकलं, "पुरं झालं हौसे आता. रोज नदी वलांडून एवढं लांब कशापायी जायाचं?" आणि त्याच आठवड्यात बैलगाडीवरून पडून त्यांनी पाय मोडून घेतला.

वडिलांचा पाय मोडला याचा मला आनंद झाला, असं कुणी समजू नये. पण आमच्या गाईंचं दूध चिंचवड स्टेशनाजवळच्या जहीरचाचांच्या चहाच्या दुकानात अप्पाच पोचवायचे. हाडवैद्य पायाला कामट्या बांधत होता तेव्हाच मी म्हणाले, "दूध मी नेते. शाळा तिथंच तर हाय."

अप्पा कण्हत होते, त्यामुळे त्यांना नीट भांडता आलं नाही. एवढंच म्हणाले, "ने. पर एक दिस जरी दूध वाया गेलं, तर दुसऱ्या दिवशी दप्तर माळ्यावर."

"कबूल," मी म्हणाले.

तेव्हापासून रोज पहाटे डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दुधाची कळशी आणि पाठीला दप्तर. पवनेला उन्हाळ्यात गुडघाभरच पाणी असतं. चालताना दूध हिंदकळून सांडू नये म्हणून कळशीच्या तोंडात कडब्याची धुतलेली जुडी ठेवायची, हे अप्पांनीच शिकवलेलं. एक थेंबही मी कधी सांडला नव्हता. जहीरचाचांची तक्रार असायची ती वेगळीच. "गाईचं दूध पातळ बेटी. चहाला म्हशीचं लागतं. तुझ्या बापाच्या ओळखीखातर घेतो."

चैत्रातल्या त्या दिवशी आकुर्डीच्या पुढे माझ्या पायात काटा मोडला. चिंचेखाली कळशी ठेवली, खाली बसले, काटा काढला आणि मान वर केली तर एक शेळी माझी जुडी चघळत उभी होती. निम्मी जुडी तिच्या तोंडात गेली होती. उरलेली मी ओढून घेतली, पण शेळीचं उष्टं दुधात कसं घालणार?

मी काय मूर्ख आहे? वर चिंच नव्या पालवीनं भरली होती. कोवळी, लुसलुशीत, स्वच्छ डहाळी. दोन-चार डहाळ्या मोडून मी कळशीच्या तोंडात छान बसवल्या. आपल्या अकलेवर खूश होऊन एक मूठभर पाला तोंडातही टाकला आणि आंबटानं डोळे मिचकावत चिंचवडपर्यंत चालले. तो पाला तोंडात असताना डोक्यावरच्या दुधाचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही.

जहीरचाचांनी डहाळ्या बघून भुवया उंचावल्या. पेलाभर दूध पातेल्यात ओतून स्टोव्हवर ठेवलं. आम्ही दोघं बघत होतो. कडेनं बुडबुडे आले आणि दूध फाटलं. खाली हिरवट पाणी, वर गोळे.

"चिंच घातलीस दुधात?" ते म्हणाले. "तुझ्या बापानं तुला हेच शिकवलं?"

"जुडी शेळीनं खाल्ली."

बाकावर आमच्या गावचा चिमाजी चहा पीत होता. तो असा हसला की बशीतला चहा त्याच्या धोतरावर सांडला. "तुझ्या बापाला, उद्धवरावला, सांगतो मी. शेळीनं कडबा खाल्ला आन पोरीनं दूध."

"ओतून दे बेटी," जहीरचाचा म्हणाले. आवाज मऊ होता, पण दूध काही त्यांनी घेतलं नाही.

मी कळशी घट्ट धरून उभी राहिले. दूध ओतलं की दप्तर माळ्यावर. डोळ्यांपुढे तो माळाच दिसत होता, उंदरांच्या लेंड्यांसकट. "चाचा, फाटलेलं दूध कुणीच घेत न्हाई?"

"घेतो की," ते हसत म्हणाले. "पिंपरी कॅंपात, निर्वासितांच्या वस्तीत, एक मिठाईवाला आहे, टेकचंद. सिंधी. चांगलं दूध विकत घेतो आणि स्वतःच लिंबू पिळून फाडतो. जा त्याच्याकडे. म्हणावं, लिंबाचे पैसे वाचले तुझे."

चिमाजी पुन्हा हसला. मी हसले नाही. चुंबळ नीट केली आणि म्हणाले, "कळशी डोक्यावर द्या."

"अगं, मी गंमत केली."

"दुकान पिंपरी स्टेशनच्या अल्याड की पल्याड?"

जहीरचाचांनी हसणं थांबवून कळशी डोक्यावर दिली आणि नीट वाट सांगितली.

मुंबई रस्त्यानं निघाले. नव्या कारखान्याच्या बांधकामाला विटा नेणारे ट्रक धूळ उडवत जात होते. ऊन चढलं होतं. कळशीतलं हिंदकळणंही आता वेगळं, जड लागत होतं. मनातल्या मनात मी वाक्यं जुळवत होते. 'शेठ, दूध जरा असं झालंय.' नको. 'शेठ, काही उपयोग होईल का?' तेही नको. भीक मागायला निघाल्यासारखं वाटत होतं.

कॅंपात पूर्वी मी कधी गेले नव्हते. लांबच लांब बराकी, दारांत पापड वाळत घातलेले आणि सगळीकडे मला न कळणारी बोली. टेकचंदचं दुकान म्हणजे एका बराकीचा ओटा, त्यावर भट्टी आणि मोठी कढई. जाड, पांढऱ्या मिशांचा टेकचंद कुणावर तरी सिंधीत ओरडत होता. मी समोर कळशी उतरवली.

"शेठ, फाटलेलं दूध आणलंय. गाईचं."

तो ओरडता ओरडता थांबला. "क्या बोली?"

"फाटलेलं. पण सकाळचंच आहे. नासलेलं नाही."

"फाटा और नासा, फरक मालूम है तुमको?"

"तुम्ही बघा आणि तुम्हीच सांगा," मी म्हणाले. एवढं धीटपण माझ्यात कुठून आलं कोण जाणे. पण एकदा आलं ते आलंच.

त्यानं वाकून वास घेतला. बोट बुडवून चाखलं. मग कळशी तिरकी करून आतली कल्हई बघितली आणि मान डोलवली. सगळं दूध कढईत ओतून त्यानं भट्टी फुलवली. फाटायचं राहिलेलं दूधही चटकन फाटलं. फडक्यात गाळून, गार पाण्यानं धुऊन, त्यानं तो पांढरा गोळा तळहातानं मळायला घेतला. मळता मळता त्याचा चेहरा बदलत गेला.

"फाडा किससे?"

"चिंचेच्या पाल्यानं."

आता तो हसला, पण चिमाजीसारखा नाही. "देखो बेटी. आज इकडे मंगनी आहे, रसगुल्ला पाहिजे. सगळे दूधवाले म्हशीचं आणते. म्हशीचा छेना, म्हणजे हा गोळा, कडक, रसगुल्ला रबर होतो. मी रोज बोलते, गाय, गाय. कोणी ऐकत नाही. आणि तू फाटलेलं घेऊन आली, ते पण गाईचं." त्यानं गोळा माझ्या हातावर ठेवला. लोण्यासारखा मऊ होता. "रोज आणशील? पण इमली नको. फाडायचं काम माझं."

"रोज आणीन," मी म्हणाले. "भाव काय?"

जहीरचाचांपेक्षा भाव चांगला होता. शिवाय त्यानं कळशी धुवून तिच्यात कालचे रसगुल्ले पाकासकट घातले आणि वर पान बांधलं.

शाळेत पोचले तेव्हा दुसरा तास चालू होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग कळशीकडे. "हौसा, पाणी भरायला गेली होतीस?" वर्ग हसला. मी म्हणाले, "नाही बाई, धंद्याला." मग बाईही हसल्या. दिवसभर बाकाखालून असा गोड वास येत होता की माझ्या शेजारणीला इतिहासातलं काहीही आठवेना.

संध्याकाळी घरी आले तेव्हा चिमाजी येऊन गेला होता, हे ओसरीवरच कळलं. अप्पा बाजेवर पाय लांब करून बसले होते. "दप्तर इकडं दे," ते म्हणाले.

मी दप्तर दिलं नाही. त्यांच्यापुढं कळशी ठेवली, दुधाचे पैसे ठेवले आणि शेळीपासून टेकचंदपर्यंत सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, मूठभर पाला खाल्ल्याचंही.

आई गोठ्यातून हात पुसत आली. "गाईचं दूध मुद्दाम फोडायचं? पाप हाय ते. ढवळी आटंल."

"आपण कुठं फोडतोय आई? आपण चांगलं दूध द्यायचं. पुढचं त्याचं तो बघंल."

"आन शाळा?" अप्पांनी विचारलं.

"पिंपरीला तर आता रोज जायालाच पायजे. परतीच्या वाटंवर शाळा हाय. मग तिला चुकवून कशाला यायचं?"

अप्पांची नजर कळशीवर गेली. मी वाटीत एक रसगुल्ला दिला. त्यांनी तो आधी बोटानं दाबला, मग आत खडा असेल अशा बेतानं चावला. पाक मिशीवरून खाली आला.

"हे दुधाचं हाय?"

"गाईच्या."

त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली. आईनं मात्र हात लावला नाही. आधी ढवळीला काय वाटतं ते बघते, म्हणाली आणि कुंकू घेऊन गोठ्यात गेली. धार काढून आली तेव्हा चरवी रोजच्याएवढीच भरलेली होती. मग चुलीमागे, आमच्याकडे पाठ करून बसून तिनं एक खाल्ला. मला ते दिसलं.

सकाळी मी उठले तेव्हा अप्पा काठी टेकत ओसरीपर्यंत आले होते. कळशीच्या तोंडात धुतलेल्या कडब्याची जुडी बसवलेली होती. आणि दप्तराच्या बंदाला आणखी एक जुडी बांधलेली होती.

"ही कशाला, अप्पा?"

"दुधाची दुधाला," ते म्हणाले. "ही शेळीला दे."