कडाक्याची शिलाई

कडाका हा वीर गेली एकोणीस वर्षं दर महिन्याला बत्तीस पानांत जग वाचवत आला आहे. टाळी वाजवली की वीज पडते, एवढंच त्याचं भांडवल. गेल्या वर्षी ही चित्रकथा लिहायला-काढायला आमच्या धाकट्या लेकीच्या हाती आली आणि तिनं पहिलं काम काय केलं, तर त्याचा झगा फाडला. झग्याबरोबर शक्तीही गेली. मग कडाका एका शिवणाच्या दुकानात शिरला आणि चार अंक झाले तरी बाहेर आला नाही. सुईत दोरा ओवायलाच त्याला सहा पानं लागली.

वाचकांची सरळ दोन शकलं झाली. अर्धे म्हणाले, असं काही आजवर झालंच नव्हतं. उरलेले अर्धेही तेच म्हणाले, पण दात ओठ खाऊन. एकानं कळवलं की पुढच्या अंकासोबत बटणं पाठवा, माझ्या शर्टाची दोन तुटली आहेत. मी चाळीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांच्या टोप्या उडवल्या, पण इतक्या मन लावून लिहिलेल्या शिव्या मला कधी आल्या नाहीत. खरं सांगायचं तर पोरीचा हेवा वाटला.

तिचे संपादक भले गृहस्थ, पण खप उतरला की भल्या गृहस्थांनाही घाम फुटतो. त्यांनी शनिवारी वाचकांना बोलावलं. हात वर करून कौल घ्यायचा. विरुद्ध गेला तर कडाका झोपेतून जागा होणार, सगळं स्वप्न होतं असं ठरणार, आणि धाकटीनं वहीत पानापानानं आखून ठेवलेले शेवटचे दोन अंक वहीतच राहणार. चित्रकथाही दुसऱ्या कुणाकडे जाणार. धाकटी तीन दिवस धड जेवली नाही. विचारलं की ‘मी मजेत आहे’ म्हणायची. त्यावरूनच कळायचं.

मेळावा चित्रकथांच्या दुकानावरच्या माळ्यावर होता. तिथल्या दुकानदाराचा एक नियम आहे. एखाद्या गोष्टीला नावं ठेवायची असतील तर आधी तिच्यातली एक चांगली चौकट सांगायची, पानाच्या आकड्यासकट. आणि एकानं सांगितलेली चौकट दुसऱ्याला चालत नाही. यात सौजन्याचा काही भाग नाही. रांग लवकर आटपावी म्हणून त्यानं हे काढलं होतं.

पहिल्या दहाबारा जणांनी फाटणारा झगा, कोसळणारा पूल असा ढोबळ माल उचलला आणि मग गोष्टीला मनसोक्त झोडपलं. पंचविसाव्यापासून टंचाई सुरू झाली. रांगेतले लोक उभ्या उभ्या अंक चाळायला लागले. इस्त्रीच्या वाफेची चौकट कुणाची, यावरून दोघांची जुंपली. वाफेची चौकट हातची गेलेला गृहस्थ म्हणाला, ते पान रद्दीत घालायच्या लायकीचं आहे असं हेच मघाशी जिन्यात म्हणत होते.

एवढ्यात माझ्या लक्षात आलं की शेजारची खुर्ची रिकामी आहे आणि बायको रांगेत उभी आहे. ती शिवणकाम करते. गिऱ्हाइकं तिला मास्तर म्हणतात. मीही म्हणतो, पण भीतीनं. चित्रकथा तिनं जन्मात वाचली नव्हती. हे चार अंक मात्र तिनं आपल्या दुकानात बसून, कपडा तपासतात तसे उलटसुलट करून पाहिले होते.

ती म्हणाली, “दुसरा अंक, पान नऊ, खालची लहान चौकट. तो स्वतःचीच शिवण उसवतोय. शिवताना सगळे दाखवतात. उसवताना कुणी दाखवत नाही. माझं निम्मं आयुष्य त्यात गेलंय.”

मला वाटलं, कौतुक करून ही खाली बसणार. पण मास्तर नियमाची पक्की.

“आता दोष. सुई टोचू नये म्हणून बोटात टोपण घालतात, ते हिनं पहिल्या बोटात काढलंय. ते मधल्या बोटात असतं. इतकी वर्षं माझ्यासमोर बसून वाढलीस, एवढं दिसलं नाही?”

सगळा माळा हसला. धाकटीचे कान लाल झाले. ती म्हणाली, पुढच्या अंकात बदलते, आई. संपादक खाकरले. पुढचा अंक अजून कुणाच्याच हातात नव्हता.

शेवटी उरला चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा एक किडकिडीत गृहस्थ. या गोष्टीचा सगळ्यांत कडवा शत्रू. त्याची पत्रं मला पाठ होती. तो चारही अंकांत कागदाचे कपटे खोचून आला होता आणि त्याची एकेक चौकट त्याच्यादेखत दुसऱ्यांनी नेली होती. तो बराच वेळ पानं उलटत राहिला.

“तिसरा अंक, पान सव्वीस. सुईत दोरा ओवताना तो डावा डोळा मिटतो. पहिल्या अंकात त्याच डोळ्यावर मार बसलाय. कुठे लिहिलेलं नाही. मला सातव्यांदा वाचताना दिसलं.”

आवडत नाही म्हणता आणि सात वेळा वाचता, असं कुणीतरी मागून टोचलं.

“नावं ठेवायची तर वाचायला नको?” तो म्हणाला आणि संपादकांकडे वळला. “गोष्ट मला पटलेली नाही. आजही नाही. पण हे सगळं स्वप्न होतं असं तुम्ही छापलंत, तर मी चार महिने चिडलो कशावर? पुरी होऊ द्या. शेवट वाचतो आणि मग व्यवस्थित नावं ठेवतो.”

कौल झाला. संपादकांनी दोनदा मोजलं. गोष्ट पुरी व्हावी म्हणून त्रेपन्नातले एकतीस हात वर होते आणि त्यातले डझनभर तरी असे होते, ज्यांनी पाच मिनिटांपूर्वी गोष्टीची सालं काढली होती. चष्मेवाल्याचा हात सगळ्यांत उंच.

मी ओळखीनं, वशिल्यानं, भिडेखातर वर झालेले हात पुष्कळ पाहिलेत. न आवडणाऱ्या कामासाठी वर झालेले हात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, आणि ते काम आमच्या धाकटीचं होतं.

चष्मेवाल्यानं तिला गाठून म्हटलं, “ताई, शेवट कधी येणार, तारीख सांगा.” तिनं सांगितली. तेवढ्या दिवसांत चौसष्ट पानं होतील का, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. मास्तरनं तिला दंडाला धरून जिन्याकडे वळवलं आणि चालता चालता आपलं मधलं बोट वाकवून दाखवायला सुरुवात केली. दोघींनाही माझी आठवण नव्हती. त्यांच्या पिशव्या, छत्री आणि ती वही उचलून मी मागून निघालो.

जिन्यात एकानं विचारलं, तुम्ही त्यांचे कोण?

म्हटलं, दोघींचा हमाल. इतक्या ताठ मानेनं मी आजवर दुसरं कुठलंही पद सांगितलेलं नाही.