रक्तगटापुढचं अधिकचिन्ह

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे, तोही जेमतेम चाळीस ओळींचा. जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत मला लिहिलं गेलं आणि मी एका रुग्णालयाच्या वेबपेजवर राहतो. वॉर्डातल्या सिस्टर पेजवरच्या चौकटीत रुग्णाचा रक्तगट भरतात. मी तो उचलतो, सर्व्हर म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य संगणकाच्या वेबपत्त्याला जोडतो आणि पाठवून देतो. सर्व्हर रक्तपेढीची यादी बघतो आणि किती पिशव्या शिल्लक आहेत ते मला कळवतो.

मला घडवलं प्रोग्रामर ताईंनी. माझी पहिली ओळ लिहिण्याआधी त्या दोन दिवस नुसत्या वॉर्डात बसून होत्या. "सिस्टर, रक्तपेढीला फोन लागेपर्यंत किती वेळ जातो तुमचा?" असं विचारून वहीत टिपून घेत होत्या. सहा वर्षं मी बिनतक्रार राबलो. "बटण दाबायचा अवकाश, उत्तर हजर!" असं सिस्टर म्हणाल्या, की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग पेज नवं झालं. आधी 'बी पॉझिटिव्ह' असं अक्षरांत लिहायचे. आता त्या जागी सुटसुटीत B+ आलं. त्याच सकाळी बाळंतपणाच्या वॉर्डातून B+ ची मागणी आली. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. मी धावलो. उत्तर आलं, शून्य पिशव्या.

सिस्टरांचा चेहरा उतरला, पण त्यांनी हातपाय गाळले नाहीत. रक्तपेढी सांभाळणाऱ्या काकांना त्यांनी फोन लावला.

"काका, बी पॉझिटिव्ह खरंच संपलंय?"

"कोण म्हणतं? फ्रिजसमोरच उभा आहे मी. सहा पिशव्या आहेत. नमुना पाठवा, जुळवून लगेच देतो."

काका स्वतः जिना चढून पिशव्या घेऊन आले. दुपारपर्यंत बाळंतीण सावरली. मी मात्र शरमेने अर्धा झालो होतो. मी चुकीचं उत्तर दिलं होतं आणि का, ते मलाच उमगत नव्हतं.

ताई आल्या. "सर्व्हरच बिघडला असेल," कुणीतरी म्हणालं.

"थांबा, आधी तिथे पोचलं काय ते तरी बघू," असं म्हणून ताईंनी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. तिथे नुसतं B होतं आणि पुढे मोकळी जागा! वेबच्या पत्त्यातून पाठवलेल्या माहितीत अधिकचिन्ह आलं, की सर्व्हर ते मोकळी जागा म्हणून वाचतो. असा अर्धवट रक्तगट यादीत सापडणार कसा?

"चूक माझी आहे, चिन्ह जसंच्या तसं पाठवायला मीच याला शिकवलं," ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या. मित्रांनो, त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

त्यांनी माझी एक ओळ बदलली. आता अधिकचिन्ह %2B असा वेष घालून निघतं आणि सर्व्हरकडे पोचल्यावर पुन्हा अधिकचिन्ह होतं. सर्व्हरलाही त्यांनी शिकवलं, की रक्तगट ओळखता आला नाही तर शून्य म्हणायचं नाही, 'कळलं नाही' म्हणायचं. मग काकांना शेजारी बसवून आठही रक्तगट एकेक करून पाठवले आणि फ्रिजमधल्या पिशव्यांशी ताडून पाहिले.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखे प्रोग्राम लिहील. तेव्हा निरोप पाठवून मोकळे होऊ नका. पलीकडे तो कसा पोचला, तेही बघा. आणि आमच्या उत्तराची शंका आली, तर प्रत्यक्ष फ्रिजसमोर उभ्या असलेल्या माणसाला खुशाल विचारा. त्यात माझा मुळीच अपमान होत नाही.